एका ड्रिल मशीनची बखर

मावळाचा इतिहास म्हटला की आपली गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. कार्ला-भाज्याची लेणी, मग लोहगड-विसापूर, मग शिवरायांचे मावळे, आणि तिथून जी सुटते ती थेट एक्स्प्रेस-वे, चिक्की आणि भुशी डॅम! मधली दीड-पावणेदोनशे वर्षं या भागात जणू काही घडलंच नाही. खरं तर याच वर्षांत मावळातला घाट फोडून रेल्वे गेली, मावळातलं पाणी अडवून मुंबईच्या गिरण्या फिरल्या, आणि मावळातल्या शेतकऱ्यांची पोरं औत सोडून लेथ-मिलिंग-ड्रिलवर उभी राहिली. हा इतिहास थोडाफार सरकारी अहवालांत सापडतो. बराचसा मात्र भंगारात सापडतो.

हो, भंगारातच. गेले काही महिने मी एक जुनं ड्रिल मशीन दुरुस्त करतोय. किलोच्या भावानं घेतलेलं. माणसाएवढं उंच, अंगानं अस्सल बीडाचं, आणि पाठीत बाक काढून उभं असलेलं. या जातीच्या यंत्रांना इंग्रजीत उंटाच्या पाठीवरून नाव पडलंय, आणि एकदा पाहिलं की ते पटतं. बनवणाऱ्याच्या नावाची पाटी कधीच गेलेली, तिच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं तेवढी आहेत. त्यामुळे गावाचा, कुळाचा पत्ता नाही. घडणीवरून पाहता हे साधारण दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं असावं. घरातल्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता, "एवढ्या पैशात नवीन चकचकीत आलं नसतं का?" आलं असतं. पण नव्याला वाचायला काही नसतं ना! जुनं यंत्र उघडायला लागलं की ते एखाद्या बखरीसारखं उलगडत जातं. बखर वाचताना जशी ताडून पाहावी लागते, तशी हीही ताडावी लागते, एवढंच.

सुरुवात स्पिंडलपासून. ज्यात ड्रिल बसतं तो हा फिरता दांडा. त्याच्या खालच्या टोकाला आतून एक निमुळतं भोक असतं, वीसात सुमारे एक एवढ्या उताराचं. त्यात ड्रिलचा तसाच निमुळता दांडा जोरात वर सरकवला की तो नुसत्या घर्षणावर घट्ट बसतो. ना स्क्रू, ना किल्ली. काढायचा झाला तर बाजूच्या खाचेतून एक पाचर घालायची आणि हातोडीची एक टिचकी द्यायची. याला 'मोर्स टेपर' म्हणतात. मी रॉकेलमध्ये चिंध्या भिजवून त्या भोकातला वर्षानुवर्षांचा काळा थर काढला, आणि पुण्यात आजच्या बाजारातून आणलेलं कोरं करकरीत ड्रिल त्यात सरकवलं. खट्टकन बसलं! ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं यंत्र आणि गेल्या महिन्यातलं ड्रिल यांची पहिल्याच भेटीत ओळख पटली. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या मोबाइलचा चार्जर नव्याला चालत नाही, या पार्श्वभूमीवर हे जरा हेलावून टाकणारंच आहे.

ही सोय ज्याच्या नावावर आहे, त्या स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं एप्रिल १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. त्याआधी धातूला भोक पाडायला भाल्याच्या पात्यासारखं चपटं ड्रिल असायचं. ते कापण्यापेक्षा खरवडायचंच जास्त, आणि निघालेला कीस भोकातच अडकायचा. मोर्सच्या ड्रिलला दोन पीळदार खाचा होत्या. खाली कापायचं आणि त्याच फेऱ्यात कीस वर आणून टाकायचा, अशी दोन कामं एकदम.

आता गंमत बघा. त्याच एप्रिल १८६३ मध्ये इकडे खंडाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर बोरघाटातल्या रेल्वेचं उद्घाटन करत होते. १८५६ च्या सुरुवातीला सुरू झालेलं काम सात वर्षं चाललं होतं. पंचवीस बोगदे आणि वर अनेक पूल. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती. त्यांनी हा बेसॉल्ट कशानं फोडला? पोलादी पहार, घण आणि सुरुंगाची दारू. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. हातभर खोल भोक झालं की त्यात दारू ठासायची आणि वात लावून पळायचं. म्हणजे हेही ड्रिलिंगच. फक्त मशीनच्या जागी माणूस. यात हजारो लोक गेले, काही स्फोटांत आणि पडझडीत, बरेचसे पटकी आणि तापानं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच आजारानं वारला. पुढे त्याची बायको ॲलिस हिनं ठेका सांभाळून काम तडीला नेलं. तिचं नाव निदान पुस्तकांत आहे. पहार धरणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून स्पिंडल पुसताना मला तो एप्रिल आठवत राहतो. एका टोकाला भोक पाडण्याचं काम शास्त्र होऊ लागलेलं, आणि दुसऱ्या टोकाला तेच काम माणसाच्या खांद्यावर नुकतंच संपलेलं. आपल्या सुताराकडे दोरीनं फिरवायचा सामता तर त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. त्यामुळे गोल फिरवून भोक पडतं, हे आपल्याला इंग्रजांनी येऊन शिकवलं असं मुळीच नाही. फिरवायची ताकद कुठून आणायची, एवढाच काय तो प्रश्न होता.

ताकदीचा प्रश्न आला की यंत्राच्या पायथ्याकडे पाहावं लागतं. माझ्या मशीनच्या तळाशी आडव्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन सारख्या पुल्या आहेत. एक दांड्याला पक्की, दुसरी मोकळी फिरणारी. ही यंत्राची जन्मखूणच. त्या काळी प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसायची. कारखान्यात एकच मोठं वाफेचं इंजिन, त्यावरून छताखाली लांबच लांब फिरणारा दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारा चामडी पट्टा. वरचा दांडा दिवसभर फिरतच राहणार. यंत्र थांबवायचं तर पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवायचा. चालू करायचं तर उलट. झालं क्लच-ब्रेकचं काम! वर-खाली पायऱ्यांच्या आणखी दोन पुल्या, त्यांवर पट्टा बदलला की वेग बदलतो. कामगाराला कोष्टक लागायचं नाही. पण हिशोब साधा आहे. दहा मिलिमीटरचं आजचं हायस्पीड ड्रिल साध्या पोलादात मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेतं, ड्रिल दुप्पट जाड झालं की फेरे निम्मे. जुन्या कार्बन पोलादाच्या ड्रिलला यापेक्षा पुष्कळच हळू फिरवावं लागायचं, म्हणून या यंत्राच्या चाली आजच्या मानानं संथ आहेत.

पण याच मशीनच्या पाठीला नंतर कुणीतरी एक लोखंडी कंस ठोकलाय. त्यावर मोटर बसत असे. म्हणजे कधीतरी वरचा दांडा गेला आणि वीज आली. माझं मशीन नेमकं कुठल्या कारखान्यातलं हे मला सांगता येणार नाही. पण मुंबईच्या कारखान्यांत हा बदल ज्या विजेनं घडवला, ती कुठून आली हे मात्र पक्कं सांगता येतं. ती आली आमच्या मावळातून.

टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात झाली. कल्पना जमशेटजींच्या हयातीतली, पण ते १९०४ मध्येच गेले. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवायचं, ते मोठ्या नळांतून घाटाखाली पाचशे मीटरवर उतारानं खोपोलीला सोडायचं, तिथे पेल्टन चाकं फिरवायची आणि तारांवरून वीज परळला न्यायची. १९१५ मध्ये ती सुरू झाली. मग आंध्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आणि भिवपुरीचं वीजघर १९२२ मध्ये, मुळशीचं धरण आणि भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांमधली वाफेची इंजिनं हळूहळू बंद पडत गेली. आधी एका मोटरवर एक आख्खा दांडा, मग एका यंत्राला एक मोटर, असा तो प्रवास झाला.

भूगोल जरा नकाशावर बघण्यासारखा आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी निसर्गानं पूर्वेला सोडलेलं. देहू, आळंदी, मग भीमा, मग पंढरपूर. यातलं धरणांत अडवलेलं पाणी आता सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला उतरतं. खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हासेत. मुळशीचं पाणीही तसंच, भिऱ्याला कुंडलिकेत. वारीची वाट सोडून पाण्यानं मुंबईची वाट धरली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ज्यांची जमीन बुडली त्यांचं काय? मुळशीत बावन्न गावांवर संकट आलं. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळंच पाण्याखाली जाणार होतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केलं. शेतकरी लढले, बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि सावकारांना मोबदल्याची ओढ होती. शेवटी लढा मोडला, बापटांना लांब मुदतीची कैद झाली आणि धरण पुरं झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक. तारा मात्र डोंगरांवरून मुंबईकडे गेल्या. ज्या खोऱ्यातून पाणी गेलं, तिथल्या बहुतेक खेड्यांत दिवा लागायला स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं जावी लागली.

मी यंत्रांचा भक्त आहे, त्यामुळे हा परिच्छेद लिहिताना मला सोपं जात नाही. वीज नसती तर आपण आणखी किती वर्षं कोळशाच्या धुरात राहिलो असतो, हे मलाही दिसतं. धरणं बांधणाऱ्यांनी मोठं काम केलं यात शंका नाही. पण मोठ्या कामाची किंमत मोजली ती त्या कामाचा एक पट्टाही ज्यांच्या घरावरून गेला नाही त्यांनी, हेही तितकंच खरं. पाठीवरचा तो मोटरचा कंस दिसायला बेढब आहे. जाणकार मंडळी सांगतात, "काढून टाक, मूळ रूपात आण." मी तो ठेवणार आहे.

पुढचं पान नटबोल्टांचं. या मशीनवर दोन जातींचे आटे आहेत. मूळचे सगळे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेलं हे माप. पंचावन्न अंशांचा आटा, अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात बारा आटे. त्यांचा पाना आज शोधूनच आणावा लागतो. पण टेबलाच्या खालचे चार आणि मोटरच्या कंसाचे दोन बोल्ट मिलिमीटरचे, साठ अंशांच्या आट्याचे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. म्हणजे निदान हे सहा बोल्ट त्यानंतरचे. जमिनीच्या थरांवरून काळ ओळखतात ना, तसंच हे.

हाच काळ पुण्याच्या बाजूनं मावळ बदलण्याचा. त्याआधी यंत्रकाम शिकण्याच्या जागा इथे मोजक्याच होत्या. तळेगावला १९०८ मध्ये स्वदेशीच्या भरात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, एकेक पैसा गोळा करून. अंताजी दामोदर काळ्यांची ती कल्पना, आणि टिळकांचा पाठिंबा. १९४५ मध्ये लोणावळ्यात आरमाराची शिवाजी ही यांत्रिकी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. दक्षिण महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना वसवला होता. नांगरापासून सुरू झालेला त्या घराण्याचा प्रवास १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवण्यापर्यंत पोचला. महायुद्धामुळे परदेशी यंत्रं येणं आटलं होतं, ती गरजही त्यामागे होती.

मग १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा उभा राहिला, आणि १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. कामशेत, वडगाव, मळवलीच्या घराघरांतून डबा घेऊन माणसं पहाटेच्या लोकलनं निघू लागली. सकाळी खाचरात चिखलणी आणि दुसऱ्या पाळीला ड्रिलवर, असं दुहेरी आयुष्य मावळात दोन पिढ्या जगल्या. मिलिमीटर कायद्यानं आला खरा, पण मिस्त्री लोकांच्या तोंडी आजही 'सूत' आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, सव्वातीन मिलिमीटरला जरासं कमी. "चार सुताचं भोक पाड" म्हटलं की अर्धा इंच. तीन राजवटींची मापं एकाच माणसाच्या डोक्यात सुखानं नांदतात.

शेवटचं पान टेबलाचं. काम ठेवायच्या या बीडाच्या गोल टेबलावर चाळीसेक खड्डे आहेत. काही उथळ, काही चांगले अर्धा बोट खोल. खाली लाकूड न ठेवता ड्रिल सोडलं की कामातून आरपार जाऊन टेबलाला लागतं. प्रत्येक खड्डा म्हणजे कुणा शिकाऊ पोरानं खाल्लेली शिवी! हौशी लोक हे खड्डे वेल्डिंगनं भरतात आणि टेबल घासून आरशासारखं करतात. टेबल सपाट असावं हे मलाही मान्य. पण कामाला लागतो तो पृष्ठभाग, आणि तो मी गेज लावून पाहिला, पुरेसा सपाट आहे. खड्ड्यांनी कामात अडत नाही. या यंत्रावर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांची सही म्हणावी अशी एवढीच गोष्ट शिल्लक आहे. ती घासून मी काय मिळवणार?

म्हणजे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, असंही नाही. 'जुनं ते सोनं' ही म्हण ज्यानं केली त्यानं उघड्या पट्ट्यावर काम केलं नसावं. अशा पट्ट्यांनी सदरे ओढले आहेत, बोटं नेली आहेत. चालत्या भागांना जाळी लावा हे आज कायदा सांगतो, पण ते शहाणपण कुणाकुणाच्या हातांनी किंमत मोजून आलंय. म्हणून मी पट्ट्यावर पत्र्याची जाळी बसवली, हाताशी लाल बटण लावलं, आणि मोटरला अर्थिंग नीट दिलं. मूळ रूपाच्या नावाखाली धोका जपणं ही इतिहासाची सेवा नव्हे. झिजलेले पितळी बुश बदलले, स्पिंडलचं डुलणं दहा शतांश मिलिमीटरच्या आत आणलं, गंज काढला, तेलाची भोकं मोकळी केली. रंग मात्र जिथे टिकून आहे तिथे तसाच ठेवला. हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली काळा. तीन मालकांचे तीन रंग.

दुरुस्ती म्हणजे काय, यावर मी या काळात बराच विचार केला. वस्तू पहिल्या दिवसासारखी करणं म्हणजे मधले सगळे दिवस पुसणं. यंत्राच्या बाबतीत ते मधले दिवस म्हणजेच माणसं. पाटीवर नाव असतं ते बनवणाऱ्या कंपनीचं, हिशोबवहीत असतं ते मालकाचं. वापरणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ते असं कंसात, बोल्टात, खड्ड्यात शोधावं लागतं.

मशीन चालू झाल्याचं कळल्यावर आळीतले एक आजोबा परवा नांगराची एक पट्टी घेऊन आले. पिंपरीच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं ड्रिलवर होते, आता इंद्रायणी भात करतात. "पाच सुताचं पाडायचंय," म्हणाले. मी ड्रिल लावलं, मोटर चालू केली. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही. मान जराशी तिरकी करून नुसता आवाज ऐकला.

"पट्टा ताठ झालाय बाळा. जरा सैल सोड, बुश खाईल."

सैल सोडला. आवाज बदलला. मग त्यांनी स्वतः दांडीवर हात ठेवला, पट्टीखाली लाकडाचा तुकडा सारला, आणि पिळाच्या दोन लांब सलग कातऱ्या वर येऊ लागल्या.